ब्रह्मांड कोणाचा बांध कोरतं?

मार्गशीर्षातल्या अमावास्येला पाटणादेवीच्या डोंगराखाली आम्ही आकाशदर्शनाला बसलो होतो. चाळीसगावचे दिवे मागे पडले की तिथं आकाश अजून काळंभोर दिसतं. पारोळ्याकडून आलेल्या अकरावीतल्या एका मुलीनं दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक दूरचा समूह, पाहिली आणि लागोपाठ तीन प्रश्न टाकले. महास्फोट नेमका कुठं झाला? त्याच्या आधी काय होतं? आणि तेव्हा बघायला कुणीच नव्हतं, मग हे खरं कशावरून? तिच्यासोबत तिचे आजोबा होते, घोंगडी पांघरून शांतपणे ऐकत बसलेले. विश्व प्रसरण पावतंय असं मी म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "वावर वाढावनं व्हई ते शेजारीना बांध कोरना पडस. मंग हाई ब्रह्मांड कोना बांध कोरी ऱ्हायनं?" म्हणजे, शेत वाढवायचं तर शेजाऱ्याचा बांध कोरून त्याच्या जमिनीत शिरावं लागतं, मग हे ब्रह्मांड कुणाच्या जमिनीत शिरतंय?

बत्तीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवलं. त्यातला बराच काळ विश्वरचनाशास्त्रात गेला, सुट्ट्यांमध्ये पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत जाऊन काम केलं. पण प्रसरणातली खरी अडचण इतक्या नेमक्या शब्दांत माझ्यासमोर कुणी मांडली नव्हती. त्या रात्री थंडी वाढली, गाड्या निघाल्या आणि उत्तर अर्धंच राहिलं. ते आता नीट देतो. मुली, हे तुझ्यासाठी आहे, आणि आजोबा, तुमच्यासाठीही.

आधी 'महास्फोट' हा शब्द जरा बाजूला ठेवू, कारण निम्मा गोंधळ त्यानंच केला आहे. 'बिग बँग' हे मूळ नाव १९४९ साली फ्रेड हॉइल यांनी रेडिओवरच्या एका भाषणात वापरलं, आणि हॉइल या सिद्धांताचे विरोधक होते. नाव चिकटलं, आपण त्याचा 'महास्फोट' केला, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सुतळी बॉम्ब उभा राहिला. बॉम्ब अंगणात एका जागी फुटतो. त्याच्या चिंधड्या मोकळ्या हवेत उडतात. अंगण आधीपासून असतंच. विश्वाच्या बाबतीत यातली एकही गोष्ट लागू नाही. जागा नव्हती, चिंधड्या नव्हत्या आणि अंगणही आधीपासून पडलेलं नव्हतं. सिद्धांत एवढंच म्हणतो की एके काळी सगळं विश्व, सगळीकडे, अतिशय दाट आणि अतिशय तप्त होतं, आणि तेव्हापासून ते पसरत, निवत आलं आहे. हे 'सगळीकडे' पक्कं धरून ठेव. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तुझा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचे हलके होतात. बघायला कुणी नव्हतं हे खरं, पण प्रकाश होता, आणि प्रकाशाला पोचायला वेळ लागतो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं घेतो. त्या रात्री पूर्वेला मृग नक्षत्र वर आलं होतं. त्याच्यामागून उगवणारा व्याध पावणेनऊ प्रकाशवर्षांच्या आत आहे, म्हणजे तू प्राथमिक शाळेत होतीस तेव्हा निघालेला प्रकाश तू पाहिलास. कृत्तिकेचा पुंजका साधारण ४४० प्रकाशवर्षांवर आहे. तो प्रकाश निघाला तेव्हा बुऱ्हाणपूरला फारुकी सुलतान गादीवर होते. अकबरानं असीरगड घेऊन खानदेश जिंकला तो त्यानंतर, १६०१ मध्ये. आणि मृगाच्या पायाशी जो निळसर ठळक तारा तुला दाखवला, राजन्य, तो सुमारे साडेआठशे प्रकाशवर्षांवर. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा भास्कराचार्य हयात होते. त्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धांतशिरोमणी' पुरा झाला ११५० मध्ये. आपण बसलो होतो त्याच पाटणला त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख तिथं आहे. त्या लेखाजवळ बसून राजन्य पाहताना मला दर वेळी भरून येतं, हे सांगायला हरकत नाही.

आणि देवयानी, जी तुला दुर्बिणीत धुरकट ठिपक्यासारखी दिसली, ती २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तो प्रकाश निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. म्हणजे जितकं लांब बघावं तितकं जुनं दिसतं. इतिहासाचे अभ्यासक जुने कागद शोधत वाडे धुंडाळतात, आमच्याकडे आकाश स्वतःच जुने कागद रोज पाठवतं. फक्त ते वाचायची यंत्रं लागतात.

आता आजोबांचा बांध.

आखाजीला तुमच्या घरी खापरावरचे मांडे होतात. पुरण भरलेला उंडा आजी हातावर घेतात, दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करत नेतात, पार कोपरापर्यंत, आणि मग उलट्या खापरावर टाकतात. आता समजा त्या उंड्याला वरून चार तिळाचे दाणे चिकटले आहेत. मांडा मोठा होत जातो तसे दाणे एकमेकांपासून लांब जातात. दाणे चालत नाहीत. ते आपापल्या जागी चिकटलेले आहेत, मधली कणीक ताणली जाते. आता तू एका दाण्यावर बस आणि बघ. जवळचा दाणा एका वितीवरून दोन वितींवर गेला, तर त्याच वेळात दोन वितींवरचा चार वितींवर गेला. म्हणजे दुपटीनं लांब असलेला दुपटीनं वेगात पळाला असं तुला वाटेल. आणि हे कुठल्याही दाण्यावर बसलीस तरी तसंच दिसेल. प्रत्येकाला वाटेल, मीच मधोमध आहे आणि सगळे माझ्यापासून पळताहेत. मधोमध कुणीच नाही.

हे नुसतं मांड्याचं कौतुक नाही. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी आकाशात नेमकं हेच मांडून दाखवलं. त्याआधी बऱ्याच जणांनी वाट तयार केली होती. हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवलं की सेफिड जातीचे तारे जितके हळू मिणमिणतात तितके ते मुळात तेजस्वी असतात. त्यामुळे मिणमिणण्याचा काळ मोजला की खरं तेज कळतं, आणि खरं तेज कळलं की अंतर कळतं. वेस्टो स्लायफर त्याच वर्षापासून दीर्घिकांच्या प्रकाशाचे वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेले पट्टे, घेत होते आणि बहुतेकांच्या रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या त्यांना सापडत होत्या. अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आणि जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूंनी १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून पसरणारं विश्व कागदावर काढलंही होतं. स्वतः आइन्स्टाइन यांना मात्र विश्व स्थिर हवं होतं, म्हणून त्यांनी १९१७ मध्ये समीकरणात एक जादा पद घातलं. ते पद पुढे पुन्हा येईल.

भुसावळच्या फलाटावर उभं राहिलं की न थांबणारी गाडी येताना शिट्टी चढी ऐकू येते आणि पुढे निघून गेली की एकदम उतरते. दूर जाणाऱ्याच्या लहरी लांबलेल्या पोचतात, आणि प्रकाशाची लहर लांबली की तो तांबड्याकडे सरकतो. वर्गात मी वर्षानुवर्षं हेच उदाहरण दिलं, आणि जवळच्या दीर्घिकांपुरतं ते चालतंही. पण खूप दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबडा होतो तो गाडीसारखा नाही, मांड्यासारखा. उंड्यावर बोटानं एक नागमोडी रेघ ओढ आणि मांडा मोठा कर. रेघेची वळणं आपोआप लांब होतात. प्रकाश अब्जावधी वर्षं वाटेत असताना मधला अवकाश ताणला जातो आणि त्याच्यासोबत प्रकाशाची लहरही. दीर्घिका पळाली नाही, वाट लांबली.

आजोबा म्हणतील, मांडा वाढतो तोही स्वयंपाकघराच्या हवेतच ना, वाढायला त्याला जागा लागतेच. बरोबर आहे. उपमेची कड इथंच संपते, आणि ती संपते कुठं हे सांगणं माझं काम आहे. मांड्याला काठ आहे. विश्वाला काठ असल्याची कसलीही खूण सापडलेली नाही. काठ नाही तर पलीकडचं वावरही नाही. तरी वाढायला जागा कुठून आली? ते समजायला भास्कराचार्यांकडेच जाऊ. शून्यानं भागल्यावर येणाऱ्या राशीला त्यांनी बीजगणितात 'खहर' म्हटलं आणि तिच्यात कितीही मिळवलं किंवा तिच्यातून कितीही काढलं तरी ती बदलत नाही असं सांगितलं. आता १, २, ३, ४ अशी कधीच न संपणारी आकड्यांची रांग डोळ्यांपुढे आण. प्रत्येक आकड्याला २ नं गुण. २, ४, ६, ८ झाले. शेजाऱ्यांमधलं अंतर दुप्पट झालं, पण रांगेच्या शेवटी कुणाला ढकलावं लागलं का? शेवट नव्हताच. बांध नाही तिथं बांध कोरावा लागत नाही. विश्व वाढतं म्हणजे त्याची हद्द पुढे सरकते असं नाही. आतली अंतरं वाढतात, एवढंच. विश्व अनंत नसून पृथ्वीच्या पृष्ठभागासारखं मर्यादित पण काठ नसलेलं निघालं, तरीही हेच उत्तर टिकतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. भास्कराचार्यांना प्रसरण माहीत होतं असं मी म्हणत नाही. ते त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यानं त्यांची थोरवी तसूभर कमी होत नाही. आपल्याकडे ४३२ कोटी वर्षांचा कल्प सांगितला आहे तो पृथ्वीच्या साडेचारशे कोटी वर्षांच्या जवळ येतो म्हणून लोक मला आनंदानं येऊन सांगतात. इतक्या मोठ्या काळाचा विचार करायला ते लोक बिचकले नाहीत, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण पृथ्वीचं वय खडकांतल्या युरेनियमच्या क्षयावरून मोजलं गेलं, आणि मोजणं ही वेगळी मेहनत आहे. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्हींचा अपमान होतो.

मग आपलं वावरही पसरतंय का? नाही. पारोळा ते चाळीसगाव अंतर तेवढंच राहणार. जिथं गुरुत्वाकर्षणानं किंवा विद्युतबलानं वस्तू एकमेकींना घट्ट धरून आहेत तिथं प्रसरणाचं काही चालत नाही. गंमत अशी की तू पाहिलेली देवयानी तर उलट आपल्याकडे येतेय, सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगानं. आपली आकाशगंगा आणि देवयानी शेजारीशेजारी आहेत, त्यांची ओढ मधल्या प्रसरणापेक्षा भारी पडते. प्रसरण दिसतं ते दीर्घिकांच्या समूहांमधल्या मोठमोठ्या अंतरांवर.

आता आकडा. दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर, हा आजचा प्रसरणाचा दर. याला हबल स्थिरांक म्हणतात. यावरून विश्वाचं वय काढायला तुला अकरावीचं गणितही लागणार नाही. भुसावळहून एकाच वेळी सुटलेल्या गाड्यांचं अंतर त्यांच्या वेगानं भागलं की सुटल्याला किती वेळ झाला ते निघतं, तसंच हे. (हे उदाहरण वेळेपुरतंच घे. जागेपुरतं घेतलंस तर विश्वाला भुसावळ शोधत बसशील.) ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं म्हणजे ३०८६ वर १६ शून्यं इतके किलोमीटर. त्याला ७० नं भाग, सेकंद मिळतील. वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाखांच्या थोडे वर, त्यांनी पुन्हा भाग. उत्तर १४ अब्ज वर्षांच्या आसपास येईल. प्रसरणाचा वेग सगळा काळ सारखा नव्हता, ती दुरुस्ती केली की १३.८ अब्ज, म्हणजे १३८० कोटी वर्षं.

हबल यांचा स्वतःचा आकडा ७० नव्हे, ५०० च्या घरात होता. त्यातून विश्वाचं वय २ अब्ज वर्षांच्या आसपास निघायचं आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून म्हातारे ठरायचे. लेक आईपेक्षा मोठी. वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये सेफिड ताऱ्यांच्या दोन जाती असल्याचं दाखवलं, अंतरं वाढली, वय वाढलं, आणि मोठा पेच सुटायला लागला. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. चूक निघाली म्हणून सिद्धांत टाकला नाही आणि सिद्धांत आवडता म्हणून चूक झाकली नाही.

एवढ्यावर मात्र पसरणं सिद्ध होतं, तप्त सुरुवात होत नाही. हॉइल, आणि त्यांच्यासोबत आपले जयंत नारळीकर, म्हणत होते की विश्व पसरो, पण मधल्या जागेत नवं द्रव्य सावकाश तयार होत राहिलं तर विश्व सदासर्वकाळ सारखंच दिसेल, सुरुवात लागणार नाही. ही स्थिर स्थितीची कल्पना काही फुटकळ नव्हती. तिनं एक ठाम गोष्ट सांगितली होती, लांबचं, म्हणजे जुनं विश्व आजच्यासारखंच असलं पाहिजे. अशी कल्पना तपासता येते, म्हणून तिची किंमत.

तपासणी झाली ती कुणी ठरवून केलीच नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन एक मोठा कर्ण्यासारखा अँटेना घेऊन आकाशातल्या रेडिओ लहरी मोजत होते. कुठंही रोखला तरी एक खरखर येतच होती. दिवसा, रात्री, उन्हाळ्यात, हिवाळ्यात सारखीच. कर्ण्यात पारव्यांनी घर केलं होतं, त्यांची घाण या दोघांनी खरवडून काढली. खरखर गेली नाही. ती यंत्रातली नव्हती, शहरातली नव्हती, आकाशगंगेतलीही नव्हती. तिथून जवळच प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी यांचा गट तप्त सुरुवातीची उरलेली ऊब शोधायची तयारी करत होता. दोन्ही बाजूंची गाठ पडली आणि १९६५ मध्ये उलगडा झाला. १९७८ चं नोबेल पारितोषिक पेंझियस आणि विल्सन यांना मिळालं.

ही ऊब, जिला पार्श्वभूमीची ऊब म्हणतात, काय आहे ते सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तप्त होतं की इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांना चिकटत नव्हते, मोकळे फिरत होते, आणि प्रकाश त्यांच्यावर पावलोपावली आपटत होता. पौषातल्या पहाटे तापीच्या काठी धुकं दाटलं की दिवा असूनही पलीकडचा काठ दिसत नाही, तसं. तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंत बसले, आणि धुकं निवळलं. प्रकाश मोकळा सुटला तो आजवर चालतोच आहे. वाटेत अवकाश सुमारे अकराशे पटींनी ताणला गेला, म्हणून तेव्हाचा तांबूस-पिवळा उजेड आता सूक्ष्मलहरी झाला आहे. त्याचं तापमान शून्याखाली २७० अंश सेल्सिअस, नेमकं २.७२५ केल्विन. तुझ्या तळहाताएवढ्या जागेत नव्हे, फाशाएवढ्या एका घन सेंटिमीटरमध्ये या प्रकाशाचे सुमारे ४०० कण या क्षणी आहेत. आजोबांच्या घरी पूर्वी छपरावर अँटेना लावलेला टीव्ही असेल. कार्यक्रम संपला की पडद्यावर मुंग्या दिसायच्या. त्या मुंग्यांपैकी शंभरात एखादी या उबेची होती.

आता तुझा पहिला प्रश्न पुन्हा बघ. महास्फोट एका जागी झाला असता तर ही ऊब त्या एका दिशेनं आली असती, जशी शेकोटीची येते. ती येते सगळ्या बाजूंनी, जवळपास तंतोतंत सारखी. कारण ती सगळीकडून सुटली. आपण जिथं बसलो होतो ती पाटणादेवीची जागाही त्या तप्त धुक्यातच होती. आज ज्या भागांतून ती ऊब आपल्याकडे पोचते ते भाग आता आपल्यापासून ४५ अब्ज प्रकाशवर्षांवर गेले आहेत. तिथं कुणी दुर्बीण रोखून बसलं असेल तर त्याला आपली जागा दिसेल ती याच मंद उबेच्या रूपात, आणि तोही त्याच्या लेकीला विचारत असेल की हे नेमकं कुठं झालं. उत्तर असं की इथं झालं. आणि तिथंही. अशी एकही जागा नाही जिथं ते झालं नाही.

तंतोतंत सारखी म्हणालो, पण अगदी सारखी नाही. कोबे या उपग्रहानं १९९२ मध्ये त्यात लाखात एक भागाचे उंचसखल फरक दाखवले, पुढे प्लँक उपग्रहानं त्यांचा बारीक नकाशा काढला. ज्या ठिकाणी द्रव्य किंचित जास्त होतं तिथं ते गुरुत्वानं आणखी गोळा होत गेलं, आणि त्यातून दीर्घिका झाल्या. आपण सगळे त्या लाखातल्या एका भागाचे वंशज आहोत.

आणखी मागे, पहिल्या काही मिनिटांत जाऊ. इथं माझ्या आवडीचं एक तोंडी गणित आहे, वर्गात फळ्यावर मांडलं की मुलं हमखास पुढे सरकतात. विश्व सेकंदभराचं होऊन निवत असताना दर ७ प्रोटॉनमागे १ न्यूट्रॉन उरला होता. म्हणजे १४ प्रोटॉनांमागे २ न्यूट्रॉन, एकूण १६ कण. हीलियमच्या अणुकेंद्राला २ प्रोटॉन आणि २ न्यूट्रॉन लागतात. दोन्ही न्यूट्रॉन त्यात गेले, हीलियमचं एक केंद्र झालं, ४ कण संपले. उरले १२ प्रोटॉन, तेच हायड्रोजन. सोळातले चार म्हणजे वजनानं २५ टक्के हीलियम, ७५ टक्के हायड्रोजन. आणि अतिशय जुन्या, न मिसळलेल्या वायूत मोजलं तर हीलियम जवळपास तेवढंच सापडतं. एवढं हीलियम ताऱ्यांना आजवर बनवता आलं नसतं. पाच किंवा आठ कणांचं टिकाऊ केंद्र निसर्गात नाही, त्यामुळे त्या काही मिनिटांत साखळी पुढे सरकली नाही, आणि विश्व निवून गेलं. पुढची मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात झाली. म्हणून तापीच्या पाण्यातला हायड्रोजन त्या पहिल्या मिनिटांचा आहे, रावेरच्या केळीतलं पोटॅशियम मोठ्या ताऱ्यांच्या पोटातलं, आणि जळगावच्या सराफ बाजारातलं सोनं, निदान त्यातलं बरंचसं, न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून झालेलं. अशी एक टक्कर १७ ऑगस्ट २०१७ ला गुरुत्वीय लहरींत ऐकू आली आणि दुर्बिणींत दिसलीही.

कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जेबद्दल थोडक्यातच सांगतो, तो वेगळ्या रात्रीचा विषय आहे. ज्वारीच्या वावरात पाखरं हाकायला गोफण फिरवतात. दगड जितका जोरात फिरवाल तितकी दोरी मजबूत लागते. व्हेरा रुबिन यांनी १९७० च्या सुमारास, तू पाहिलीस त्याच देवयानीत, कडेचे तारे किती वेगानं फिरतात ते मोजलं. दिसणाऱ्या द्रव्याची ओढ म्हणजे ती दोरी. हिशेबानं ती तुटायला हवी होती, पण तारे सुटत नव्हते. म्हणजे न दिसणारं द्रव्य तिथं आहे, तेच कृष्णद्रव्य. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरचे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन उजळणारे तारे, मोजले आणि प्रसरण मंदावण्याऐवजी वाढतंय असं निघालं. त्यासाठी आइन्स्टाइनचं ते जादा पद परत आणावं लागलं, या वेळी उलट कामासाठी, वेग वाढवण्यासाठी. हा वेग वाढवणारं जे काही आहे, त्याला कृष्णऊर्जा म्हणतात. आजच्या हिशेबात साधं द्रव्य, म्हणजे तू, मी, तारे, सगळं मिळून, ५ टक्के. कृष्णद्रव्य २७, कृष्णऊर्जा ६८. त्या ९५ टक्क्यांची ओझी आपण तोलली आहेत, ते कशाचे बनले आहेत ते अजून कळलेलं नाही.

आता राहिला दुसरा प्रश्न. आधी काय होतं?

जसजसं मागे जावं तसतशी घनता आणि तापमान वाढत जातं. पहिल्या सेकंदापासून पुढचं आपण बऱ्याच खात्रीनं सांगू शकतो, कारण हीलियमची साक्ष आहे. सेकंदाच्या अगदी लहान अंशापर्यंत कणभौतिकीचे प्रयोग साथ देतात. त्याहून मागे एका क्षणभरात विश्व प्रचंड फुगलं असावं, अशी कल्पना ॲलन गूथ यांनी १९८१ मध्ये मांडली. ती बरंच काही समजावते, पण तिला मी अजून सिद्ध म्हणणार नाही. आणि त्याही मागे एक पायरी अशी येते की गुरुत्वाचा सिद्धांत आणि पुंजभौतिकी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे नियम, दोन्ही एकदम लावावे लागतात, आणि दोन्हींना एकत्र बांधणारं गणित आज कुणाकडे नाही. समीकरणं तिथं शून्यानं भागायला लागतात. पुस्तकांत 'विश्व एका बिंदूतून जन्मलं' असं छापतात, तो बिंदू म्हणजे पाहिलेली वस्तू नव्हे. तिथं आपलं गणित मोडलं, याची ती खूण आहे. अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये कोलकात्यात बसून जे समीकरण दिलं, त्यावरून पुढे हे मोडणं किती अटळ आहे ते सिद्ध झालं.

म्हणून 'आधी' या शब्दालाच अर्थ आहे की नाही हेसुद्धा उघडं आहे. काळ तिथंच सुरू झाला असेल तर 'आधी' विचारणं म्हणजे टोरणमाळहून थेट ध्रुवावर जाऊन आणखी उत्तरेला रस्ता विचारण्यासारखं. काळ तिथं सुरू झाला नसेल, आधी आकुंचन पावणारं विश्व असेल, तर प्रश्न खरा आहे आणि कधी तरी त्याचं मोजमापही निघेल. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त या प्रश्नापाशी येतं आणि शेवटी हे कुणाला ठाऊक असेल का अशी शंकाच ठेवतं. मला ते सूक्त फार जवळचं वाटतं, ते उत्तर देतं म्हणून नव्हे, प्रश्न उघडा ठेवण्याचं धैर्य दाखवतं म्हणून.

नारळीकर सर २०२५ च्या मे महिन्यात गेले. पार्श्वभूमीची ऊब सापडल्यावर त्यांची बाजू मागे पडली, तरी महास्फोटाला कसोट्या लावणं त्यांनी सोडलं नाही. मी स्वतः पुराव्यानं महास्फोटाच्या बाजूचा आहे. पण माझ्या पिढीतल्या मराठी मुलांना या विषयाचा ध्यास लागला तो त्यांच्यामुळे, आणि बहुमत आहे म्हणून मान्य करू नका हेही त्यांच्याकडे बघूनच शिकलो.

आणि मुली, सगळं ठरून गेलंय असं समजू नकोस. पार्श्वभूमीच्या उबेवरून काढलेला हबल स्थिरांक ६७ च्या थोडा वर येतो, सेफिड आणि अतिनवताऱ्यांवरून काढलेला ७३ च्या आसपास. दोन्हीकडचे लोक आपापल्या मापात चूक शोधून थकले, तरी फरक मिटत नाही. कदाचित मोजण्यातच काही राहिलं असेल, कदाचित बाडे यांच्या वेळेसारखं निसर्गातलंच काही आपल्या नजरेतून सुटलं असेल. वर दिलेला भागाकार एकदा ६७ घेऊन कर, एकदा ७३ घेऊन. दोन उत्तरांत सुमारे सव्वा अब्ज वर्षांचं अंतर पडेल. सध्या जगभर चाललेला वाद त्या सव्वा अब्जात आहे.

वही घेऊन ये. पौषातल्या अमावास्येला आम्ही पुन्हा पाटणला जमतोय. तेव्हा देवयानी अंधार पडतानाच पश्चिमेला कललेली असेल, त्यामुळे आजोबांना घेऊन दिवस मावळायच्या आत पोचा.